निपाणीचा पिनकोड आणि चुकलेली बेरीज
वाचकांचे प्रश्न : प्रोग्रामिंगची सुरुवात

(आज्ञा आणि चलांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच लिहावीत.)

प्रश्न : माझं दहावीपर्यंतचं शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झालं, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून. आता बेळगावात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सी भाषेचे जर्नलमधले सगळे प्रोग्राम पाठ आहेत, पण परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की एक ओळही सुचत नाही. काय करावं?
(विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : तुमच्या ओळी पाठ आहेत. त्या ओळी चालत असताना चलांच्या पोटात काय बदलत जातं, ते मात्र तुम्ही कधी पाहिलेलं नाही. ते पाहायला संगणकसुद्धा लागत नाही. पाठकोरा कागद आणि पेन्सिल पुरे.

अंकांच्या बेरजेचा प्रोग्राम जर्नलमध्ये असतोच, तोच घ्या. संख्या घेऊ बेळगावचा पिनकोड, ५९०००१. सुरुवातीला सम (म्हणजे आतापर्यंतची बेरीज) = ०. मग 'व्हाइल (एन > ०)' (एन शून्याहून मोठा असेपर्यंत फिरत राहणारा लूप) आणि आत तीन ओळी : डी = एन % १० (% म्हणजे भागाकारातली बाकी), सम = सम + डी, एन = एन / १०. कागदावर डी, सम आणि एन असे तीन रकाने आखा. पहिल्या फेरीनंतर डी १, सम १, एन ५९०००. पुढच्या तीन फेऱ्यांत डी शून्यच येतो, सम १ वरच राहतो आणि एन ५९००, ५९०, ५९ असा आखडत जातो. पाचव्या फेरीत डी ९, सम १०, एन ५. सहावीत डी ५, सम १५, एन ०. अट खोटी झाली, लूप संपला. ५ ला १० ने भागल्यावर ० का आला, इथे पेन्सिल थांबली पाहिजे. दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की सी अपूर्णांक टाकून देतं, जवळच्या पूर्णांकाकडे वळवत नाही. ५९ / १० म्हणजे ५.

यापुढचं काम खरं महत्त्वाचं. त्याच तीन ओळींची जागा बदला आणि उत्तर काय येईल ते आधी कागदावर लिहा, मगच संगणकावर चालवा. एन = एन / १० ही ओळ सगळ्यात वर नेली तर एकक स्थानचा १ मोजण्याआधीच गळून जातो आणि बेरीज १४ येते. सम = ० लिहायचं विसरलात तर सममध्ये आधीचा कचरा असतो. तो कचरा कधीकधी नेमका शून्य निघतो, म्हणून घरी चाललेला प्रोग्राम परीक्षेच्या दिवशी भलतंच दाखवतो. 'व्हाइल (एन > ०)' च्या पुढे चुकून अर्धविराम पडला तर लूपचं पोट रिकामं राहतं. एन कधीच बदलत नाही आणि पडदा गोठल्यासारखा दिसतो. कंट्रोल-सी दाबून बाहेर यायचं आणि तो अर्धविराम शोधायचा.

आता 'फिरवून' आलेले प्रश्न पाहा. अंक किती ते मोजा म्हटलं, तर डी ची गरजच नाही, प्रत्येक फेरीला एक वाढवा. संख्या उलटी करा म्हटलं, तर बेरजेच्या जागी रेव्ह = रेव्ह * १० + डी, आणि ५९०००१ चं १०००९५ होतं. उलट-सुलट सारखी आहे का विचारलं, तर मूळ एन आधी दुसऱ्या चलात राखून ठेवायचा, कारण लूप संपेपर्यंत एन शून्य झालेला असतो. निम्मी मुलं हीच ओळ विसरतात. फक्त २ ने भाग जाणाऱ्या अंकांची बेरीज हवी असेल तर एक 'इफ' वाढते. सांगाडा सगळीकडे तोच आहे.

रोज एकच प्रोग्राम घ्या, वीस-पंचवीस मिनिटं द्या. जर्नल झाकून कोऱ्या कागदावर लिहा, तक्ता भरा, एक ओळ मुद्दाम मोडा आणि काय बिघडेल ते आधी सांगा. भाकीत चुकलं तर त्या दिवशी काहीतरी शिकलात असं समजा.

प्रश्न : डिप्लोमाच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी होतं. आता थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलो आहे. घरच्या लॅपटॉपवर कोड-ब्लॉक्स घातलं, तर तेच प्रोग्राम 'सीएलआरएससीआर' (पडदा पुसायची टर्बोची आज्ञा) वर अडतात. मित्र म्हणतो, डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) घालून टर्बोच चालव. चालवू का?
(विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : नको. टर्बो सी डॉसच्या जमान्यातलं आहे आणि त्यात 'इंट' ला, म्हणजे पूर्णांकाच्या चलाला, फक्त १६ बिट (० किंवा १ च्या जागा) मिळतात. म्हणजे ३२७६७ च्या वर पूर्णांक मावत नाही. आजच्या कंपायलरमध्ये (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) इंट ३२ बिटांचा असतो आणि २१४७४८३६४७ पर्यंत जातो. याने काय होतं, ते वरच्याच प्रोग्रामवर करून पाहण्यासारखं आहे.

टर्बोमध्ये इंट एन = ५९०००१ लिहिलं तर वरचे बिट कापले जातात आणि एनमध्ये उरतात १७७. अंकांची बेरीज १ + ७ + ७ = १५. उत्तर बरोबर! खानापूरचा पिनकोड ५९१३०२ घाला. एनमध्ये १४७८ राहतात, बेरीज २०, आणि खरी बेरीजही २०. तुमच्या चिकोडीचा ५९१२०१ घाला, आत १३७७ राहतात, बेरीज १८, तीही बरोबर. तीन गावं तपासून झाली, प्रोग्राम ठीक आहे असं कोणीही म्हणेल. आता निपाणीचा ५९१२३७ घाला. आत राहतात १४१३, प्रोग्राम सांगतो ९, आणि खरी बेरीज आहे २७.

यात जादू नाही. चारही वेळा नेमके ५८९८२४ कापले गेले. ती संख्या ९ ने भाग जाणारी आहे, म्हणून चुकीच्या आणि बरोबर बेरजेतला फरक ० तरी येतो, नाहीतर ९ किंवा १८ असा नवाच्या पटीत येतो. तीनदा शून्य आला, निपाणीला १८. चाचणीसाठी आकडे निवडताना हे लक्षात असू द्या. तीन उदाहरणं जुळली म्हणजे प्रोग्राम बरोबर, असं नसतं.

नव्या कंपायलरलाही मर्यादा आहेच, ती लांब आहे इतकंच. इंटमध्ये १२ चं फॅक्टोरिअल (१ ते १२ चा गुणाकार) ४७९००१६०० बरोबर येतं. १३ चं ६२२७०२०८०० यायला हवं, तिथे बहुतेक वेळा १९३२०५३५०४ दिसतं. धन, भरघोस आणि साफ चूक. 'लाँग लाँग' हा आणखी मोठा पूर्णांक घेतला की २० पर्यंत निभावतं, २१ ला तेही फुटतं.

आता घरचं काम. कोड-ब्लॉक्स उतरवताना यादीतला 'मिनजीडब्ल्यू' नाव असलेला इन्स्टॉलर घ्या. नुसत्या सेटअपमध्ये लिहायची खिडकी येते, कंपायलर येत नाही, आणि मग 'बिल्ड' दाबून काहीच होत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं ठेवू नका. सेटिंग्जमध्ये कंपायलरच्या पानावर '-वॉल' ची खूण करा. 'इफ (ए = ५)' सारखी चूक मग इशाऱ्यात दिसते. एकेरी बरोबरने तुलना होत नाही, ए मध्ये ५ भरले जातात आणि अट कायम खरी ठरते.

कॉलेजच्या लॅबमध्ये अजूनही टर्बो असेल तर दोन्हीकडे चालेल असं लिहायची सवय लावा. 'इंट मेन' आणि शेवटी 'रिटर्न ०' लिहा. सीएलआरएससीआर आणि गेटसीएच (कळ दाबेपर्यंत थांबवणारी आज्ञा) काढून टाका. सगळी चलं कंसाच्या सुरुवातीलाच जाहीर करा, 'फॉर' च्या आत नाही. मोठ्या पूर्णांकांना 'लाँग' घ्या आणि वाचताना-छापताना '%एलडी' वापरा. मग निपाणीही दोन्हीकडे २७ देते.

प्रश्न : बी.एस्सी. फिजिक्सला पायथन आहे. २० मीटर प्रतिसेकंद वेग आणि ३० अंशाचा कोन दिला तर प्रक्षेपकाचा पल्ला उणे १२.४४ मीटर येतो! सूत्र दहादा तपासलं. दुसरं म्हणजे, मुक्त पतनाचं अंतर सूत्राशिवाय, लहान-लहान टप्प्यांनी काढायला सांगितलं आहे. २ सेकंदांचं उत्तर १९.६ मीटरऐवजी १४.७ येतं. जी (गुरुत्व त्वरण) ९.८ घेतला आहे.
(विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : पहिल्याचं उत्तर एका शब्दात : रेडियन. पायथन काय, सी काय, साइनला कोन अंशात नाही, रेडियन या दुसऱ्या एककातच हवा असतो. पल्ल्याच्या सूत्रातला दुप्पट कोन म्हणून तुम्ही ६० दिले, त्याने ६० रेडियन समजून साइन काढला आणि तो उणे ०.३०५ निघाला. आधी 'मॅथ.रेडियन्स' मधून कोन बदलून घ्या, पल्ला ३५.३५ मीटर येईल. वर्ग करताना '^' चिन्ह वापरू नका. घातांकासाठी पायथनमध्ये दोन फुल्या लागतात. '२० ^ २' लिहिलं तर पायथन तक्रार न करता २२ देतो, कारण ते चिन्ह बिटांच्या वेगळ्याच क्रियेचं आहे. कीबोर्डवरून घेतलेला आकडा 'इनपुट' मजकूर म्हणून देतो, हेही इथेच सांगून ठेवतो. त्याला 'फ्लोट' मध्ये घातलं नाही तर १२ आणि ५ ची बेरीज १२५ होते.

दुसरा प्रश्न जास्त रसाचा आहे, आणि तुमचा प्रोग्राम चुकलेला नाही. १४.७ आलं त्याअर्थी तुम्ही अर्ध्या सेकंदाचा टप्पा घेतला असणार आणि आधी अंतर वाढवून मग वेग वाढवला असणार. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीचा वेग पूर्ण अर्धा सेकंद तसाच राहिला, असं तुम्ही धरलंत. वेग होते ०, ४.९, ९.८, १४.७. यांची बेरीज २९.४, गुणिले ०.५, म्हणजे १४.७. वस्तू तर सतत वेग घेत असते, म्हणून प्रत्येक टप्प्यात अंतर कमी पडलं.

टप्पा ०.१ केला तर १८.६२ येतं आणि ०.०१ केला तर १९.५०२. चूक ४.९, ०.९८, ०.०९८ अशी टप्प्याच्या प्रमाणात उतरते. हे तीन आकडे जर्नलमध्ये तक्त्यात मांडा. मौखिक परीक्षेत 'बरोबर उत्तर का येत नाही' असं विचारलं तर तोच तक्ता तुमचं उत्तर. मग दोन ओळींची अदलाबदल करा, आधी वेग आणि मग अंतर. अर्ध्या सेकंदाच्या टप्प्याने आता २४.५ येतं, म्हणजे तेवढंच जास्त. जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी घेतली तर नेमकं १९.६ येतं, कारण इथे त्वरण स्थिर आहे. हवेचा विरोध धरला की सरासरीनेही नेमकं येणार नाही, फक्त बरंच जवळ येईल.

लूप थांबवण्याची जागा जपा. टप्पा ०.१ आणि अट 'टी < १' असेल तर दहा फेऱ्या व्हायला हव्यात, होतात अकरा. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, जशी दशमानात एक तृतीयांश येत नाही. दहा वेळा मिळवल्यावर टी होतो ०.९९९९९९९९९९९९९९९९, तो अजून १ पेक्षा कमीच, आणि एक फेरी फुकट जास्त होते. म्हणून फेऱ्या पूर्णांकाने मोजा, 'रेंज (१०)', आणि वेळ हवी तिथे आय * ०.१ करून काढा.

सरावाला गोकाकचा धबधबा घ्या. उंची सुमारे ५२ मीटर, हवेचा विरोध नाही असं धरून सूत्राने ३.२६ सेकंद येतात. टप्प्यांनी काढताना अट 'वाय < ५२' ठेवा. 'वाय ५२ होईपर्यंत' अशी बरोबरीची अट घातलीत तर वाय कधीच नेमका ५२ होणार नाही आणि पाणी जमिनीच्या खाली पडतच राहील.

जाता जाता : फाइलला 'रँडम.पीवाय' किंवा 'नमपाय.पीवाय' असं नाव देऊ नका. पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि चुकीचा संदेश असा देतो की डोकं धरून बसावं.

प्रश्न : लॅपटॉप नाही, फक्त अँड्रॉइड मोबाइल आहे. आमच्या भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. मोबाइलवर शिकता येईल का?
(जांबोटी परिसरातून)

उत्तर : पहिलं वर्ष निभावेल. इंटरनेटवरच चालणाऱ्या सोयींच्या मागे लागू नका, रेंज गेली की त्या बंद. फक्त पायथन हवं असेल तर 'पायड्रॉइड' हे ॲप पुरेसं आहे, ते इंटरनेटशिवाय चालतं. सी आणि पायथन दोन्ही हवं असेल तर 'टर्मक्स' घ्या. ते 'एफ-ड्रॉइड' या मोफत ॲपच्या दुकानातून उतरवा. एकदा बेळगावात चांगलं वाय-फाय मिळेल तिथे बसून 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग पायथन' ही आज्ञा चालवा, पुढे नेट लागत नाही. प्रोग्रामच्या फाइली टर्मक्सच्या स्वतःच्या कप्प्यात राहतात आणि ॲप काढून टाकलं की त्याही जातात, तेव्हा आठवड्यातून एकदा बाहेर कॉपी करा.

खरा त्रास कीबोर्डचा. मोबाइल आपल्या हुशारीने ओळीचं पहिलं अक्षर मोठं करतो, 'प्रिंट' मधला पी मोठा झाला की पायथन त्याला ओळखत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या प्रोग्राममध्ये वळणदार अवतरणचिन्हं येतात, कंपायलरला ती अजिबात चालत नाहीत. चूक दिसत नसेल तर आधी अवतरणचिन्हं खोडून पुन्हा टाका. सेटिंग्जमधली स्वयंदुरुस्ती बंद करा. ओटीजी जोडणी (मोबाइलला यूएसबी वस्तू लावायची वायर) घेऊन साधा वायरचा कीबोर्ड लावलात तर काम निम्म्याने हलकं होतं. पायथनमध्ये ओळी आत सरकवायला चार मोकळ्या जागा दाबा. काही ओळींना टॅब आणि काहींना जागा असं झालं तर डोळ्यांना सरळ दिसूनही प्रोग्राम चालत नाही.

वीज गेल्यावर वरचा कागदाचा तक्ता आहेच.

प्रश्न : चलांची नावं मराठीत दिली तर चालतात का?
(हल्याळ)

उत्तर : पायथन ३ मध्ये चालतात. 'बेरीज = ०' असं देवनागरीत लिहिलं तरी तक्रार नाही. गंमत अशी की 'इंट' ला अवतरणात '१२' असे देवनागरी अंक दिले तर तो ते बारा म्हणून घेतो, पण अवतरणाबाहेर तेच अंक लिहिले तर चूक दाखवतो. समजून घेण्यासाठी मराठी नावं जरूर वापरा, टिपा तर मराठीतच लिहा. परीक्षेत मात्र इंग्रजी नावं द्या, पेपर तपासणारे मराठी वाचणारे असतीलच असं नाही.

चुकांचे संदेश इंग्रजीतच येतात आणि त्यातली दहा-पंधरा वाक्यं पुन्हापुन्हा भेटतात. ती वहीच्या शेवटच्या पानावर मराठी अर्थासह लिहून ठेवा. सीमध्ये 'अर्धविराम अपेक्षित' असं एखाद्या ओळीवर दाखवलं तर चूक बहुधा तिच्या वरच्या ओळीत असते.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मुलगा मेकॅनिकलला आहे आणि पहिल्याच वर्षी प्रोग्रामिंगवर त्याचा निम्मा वेळ जातो. त्याला याचा काय उपयोग?
(एक पालक, बेळगाव)

उत्तर : उपयोग तुमच्याच सीएनसीसमोर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनसमोर) उभा आहे. तिथला जी-कोड म्हणजे ओळीमागून ओळ चालणारा प्रोग्रामच. जी-९० मध्ये आकडे मूळ बिंदूपासून मोजले जातात, जी-९१ मध्ये आत्ताच्या जागेपासून. एकदा लावलेलं बदलेपर्यंत टिकतं, म्हणून मध्ये परत जी-९० लावायची ओळ विसरली तर टूल भलतीकडे जातो. चलाची किंमत पुढच्या ओळीपर्यंत टिकून राहते, ही जी गोष्ट तो सीमध्ये शिकतोय, ती हीच. काही कंट्रोलरवर एक्स ५० लिहून दशांश चिन्ह राहिलं तर मशीन ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन समजतं. पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे धरायची सवय इथे पैशांत मोजता येते.

त्याला शॉपमधलंच काम द्या. महिनाभराच्या जॉबच्या मोजमापांची नोंदवही संगणकावर साध्या यादीत उतरवायची. पायथनने ती वाचून कुठल्या मशीनचे किती जॉब टॉलरन्सबाहेर (मापात चालण्याजोग्या फरकाबाहेर) गेले आणि माप रोज एकाच बाजूला सरकतंय का, ते काढायचं. सरकत असेल तर टूल झिजतंय. पंचवीस-तीस ओळींचं काम आहे. पहिल्यांदा हमखास अडेल ते नोंदींपाशी. कोणी '२५.०२' लिहिलेलं असेल, कोणी '२५.०२ मिमी', कोणी रकाना रिकामाच सोडलेला असेल. त्या साफ करण्यातच त्याचे दोन रविवार जातील. जाऊ द्या.

प्रश्न : एआयला विचारलं की पूर्ण प्रोग्राम मिळतो. मग स्वतः का लिहायचा? आणि सी आधी शिकावं की पायथन?
(टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. कॉलेजात पहिल्या सत्राला जे असेल ते आधी. एकाच वेळी दोन्ही नको, दोघांचा भागाकारच वेगळा आहे. सीमध्ये ५ / ९ म्हणजे ०, पायथनमध्ये ०.५५५. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना दर वर्षी सीचे विद्यार्थी इथेच शून्यात अडकतात.

एआयकडून प्रोग्राम घेतलात तर तो चालवण्याआधी तक्ता भरून उत्तर लिहा. तक्ता भरता येत नसेल तर तो प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवू नका, मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. भरता आला तर मोडून पाहा : ऋण संख्या द्या, शून्य द्या, मोठी संख्या द्या. वरच्या अंकांच्या बेरजेला उणे २५ दिले की 'व्हाइल (एन > ०)' एकदाही चालत नाही आणि उत्तर ० येतं. आणि तो टर्बोवर चालवणार असाल तर निपाणीचा पिनकोड द्या.